अक्कासाहेबांनी पेरलेला खिळा

राजेलोकांबद्दल चार बरे शब्द लिहायची वेळ माझ्यावर येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला दारातूनच परतवून लावलं असतं. मी पत्रकं लिहिणारा माणूस. मिरजगावात आमच्या प्रजासभेचं सायक्लोस्टाइल यंत्र माझ्या खोलीत असायचं, आणि माझी बोटं बारा महिने काळी. पिंपळधऱ्याच्या जहागिरीवर मी इतकी पत्रकं काढली, की कारभारी नारोपंत त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घोड्यांच्या चंदीचे हिशेब लिहीत. कागदाचा तुटवडा होता त्या दिवसांत. म्हणजे गादी उलथवण्याच्या कामी नाही, तरी घोड्यांच्या कामी माझं लेखन आलं.

जहागीर तीन गावांची. पण थाट विचारू नका. गढीच्या दारात हत्तीचा साखळदंड होता, हत्ती नव्हता. बुरुजावर तोफ होती, तिच्या तोंडात चिमण्यांचं बिऱ्हाड होतं. एक चोपदार होता, त्याला दमा होता; तो ललकारी सुरू करायचा आणि ती संपेपर्यंत येणारा माणूस आत जाऊन, पाणी पिऊन, बाहेर आलेला असायचा. या तीन गावांत प्रत्येक कारागिराने गादीची कामं फुकट करायची, तिला वेठ म्हणत. आमचा झगडा त्या वेठीशी.

अशा गढीत मी आधी चाकरीला होतो. जहागीरदार वारल्यावर त्यांचा मुलगा बाळराजे याला गणित आणि इंग्रजी शिकवायला म्हणून. पोरगा दहा वर्षांचा, गोरागोमटा, आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना भिणारा. पाल, विजा, काका, भागाकार. सगळ्यांत जास्त बैलांना. नांगराचे बैल समोरून आले तरी तो माझ्या धोतराचा सोगा धरायचा. पुढे हा रयतेचा राजा होणार होता, आणि तिथली निम्मी रयत शेपटीवाली.

शिकवणीच्या दिवाणखान्यात एका बाजूला चिकाचा पडदा होता. पहिल्याच दिवशी मी बाळराजांना विचारलं, "एका हौदाला दोन नळ आहेत. एक भरतो, एक रिकामा करतो. हौद कधी भरेल?"

पोरगा बोटं मोजू लागला. पडद्याआडून आवाज आला, "आधी दुसरा नळ बंद करायला सांगा की मास्तर."

त्या अक्कासाहेब. बाळराजांची थोरली बहीण, सोळा-सतरा वर्षांची. आई लहानपणीच गेलेली, बाप नुकता गेलेला, लग्नाचं बोलणं काकांनी मुद्दाम लांबवलेलं. गढीतल्या बायकांना गोषा. त्यामुळे जवळजवळ वर्षभर मी त्यांना फक्त ऐकलं. भावाचा धडा त्या पडद्यामागे बसून शिकायच्या आणि त्याच्या आधी शिकायच्या. मी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, तर तिकडून बांगड्यांचा आवाज यायचा. बोलायच्या नाहीत. मास्तरांचा मान राहावा म्हणून नुसत्या बांगड्या.

एक सवय त्यांना होती, तिने नारोपंतांचं आयुष्य कमी केलं असावं. पंतांची भाषा दफ्तरी. साधं 'पाणी आणा' म्हणायचं तर त्यात तीन वेळा 'सबब' यायचं. गावकरी काही मागायला आले की पंत पडद्यासमोर उभे राहून सांगत, "अक्कासाहेब, सदर बाब हुजुरांच्या विचाराधीन असून, रिवाज लक्षात घेता, योग्य त्या वेळी योग्य ती तजवीज..."

ते संपल्यावर आतून एकच प्रश्न यायचा. "म्हणजे काय करायचं नाही, पंत?"

पंत बिचारे दफ्तर आवरून निघायचे. कारण वाक्याचा अर्थ नेमका तेवढाच असायचा.

मागच्या अंगणात त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. जहागिरीच्या घराण्यात कोंबड्या पाळणं हलकं काम, पण त्यांनी पाळल्या, आणि एकेकीला दरबारातली एकेक असामी दिली. तुरेवाला कोंबडा धाकटे सरकार, म्हणजे त्यांचे काका. एक जाडजूड पांढरी, ती फडणीस. पंत मसलतीला यायचे आणि दासी आतून मोठ्याने वर्दी द्यायची, "अक्कासाब, कारभारी आज बी खुडूक बसल्यात, अंड्याचं नाव न्हाई!" पंत खाकरायचे. चोपदार दम्याचं निमित्त करून हसायचा. गढीतल्या राजकारणाचं इतकं अचूक वर्णन मला कुठल्याही पत्रकात साधलं नाही.

पत्रकांमुळेच माझी चाकरी गेली. पंतांनी माझी बोटं पाहिली आणि ओळखलं. त्याचं मला दुःख नाही. निघताना पडद्याखालून एक घडी केलेला कागद बाहेर सरकला. माझंच पत्रक. "मास्तर," आवाज आला, "राग खरा आहे तुमचा. पण शिव्या सगळ्या एकाच चवीच्या आहेत. 'रक्तपिपासू' म्हणे! आमच्या काकांना ढेकूण चिरडला तरी भोवळ येते. त्यांना आळशी म्हणा, ते लागेल."

मी संतापलो. पुढच्या पत्रकात 'आळशी' लिहिलं. धाकट्या सरकारांनी आठवडाभर जेवण सोडल्याचं नंतर कळलं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा पोळा आला.

पिंपळधऱ्याचा रिवाज असा, की पोळ्याला वेशीत तोरण बांधायचं आणि त्याखालून पहिला बैल गादीचा न्यायचा. तो मानाचा बैल. त्याचा कासरा ज्याच्या हाती तो गावाचा धनी. आणि लागोपाठ तीन पोळे ज्याने कासरा धरला, गादी त्याची. त्यावर नगरचा साहेबसुद्धा काही बोलत नसे. बाळराजे लहान म्हणून मागचे दोन पोळे कासरा धाकट्या सरकारांनी धरला होता. हा तिसरा. या पोळ्याला पोराने कासरा धरला तर गादी पोराची, नाही तर काकांची. आणखी एक कलम होतं: मानाच्या बैलाला ज्याच्या हातून इजा झाली, त्याने कासऱ्याला हात लावायचा नाही आणि गढीचं अन्न खायचं नाही.

बैल दांडगा होता. खांद्याला हात पोचायचा नाही असा. बाळराजे तेव्हा तेरा वर्षांचे. त्याला रोज सकाळी गोठ्यापर्यंत नेत, आणि तो रोज सकाळी ओकत असे.

त्याच आठवड्यात गावच्या नालबंदाने, कासमभाईने, वेठ नाकारली. पोळ्याआधी गादीच्या सगळ्या बैलांना त्याने फुकट पत्री, म्हणजे खुरांना नाल, मारायची, ही त्याच्या आज्यापासूनची वेठ. कासमभाई भांडकुदळ, फुशारकी मारणारा, आमच्या सभेला सगळ्यांत पुढे बसून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा. त्याने मानाच्या बैलाला पत्री मारली, पेटी आवरली आणि गोठ्यात उभं राहून पंतांना सांगितलं, "ह्यो येवढा देवाचा म्हून केला. बाकीचं न्हाई हुनार. बैलानं चालावं आन् नालबंदानं उपाशी बसावं, ह्यो कुठला कायदा?"

आणि तावातावात निघून गेला. पेटीतले दोन-चार खिळे गोठ्यात सांडले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मानाचा बैल लंगडत हौदावरून परतला. खुरात खिळा. नालबंदाचा. दुपारपर्यंत तिन्ही गावांत बातमी, की पोळ्याच्या तोंडावर मुसलमानाने मानाचा बैल जायबंदी केला. बातमी आपोआप पसरली नाही. नारोपंतांनी ती पसरवली, खत पसरतात तशी, सारखी आणि काळजीने. कासमभाईला गढीच्या कोठीत घातलं. उद्या वेशीत, सगळ्यांसमोर त्याला लंगड्या बैलापुढे नाक घासायला लावायचं आणि बायकापोरांसकट तिन्ही गावांतून हाकलायचं, असं ठरलं. चावडीवर पोरं काठ्या घेऊन बसली होती. नाक घासण्यावर निभावेल अशी खात्री कोणालाच नव्हती.

गढीत वर्षानुवर्षं दोन तट, पंत बाळराजांच्या बाजूने आणि धाकटे सरकार स्वतःच्या. पण कासमभाईच्या बाबतीत पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. पंतांना वेठीविरुद्ध बोलणारा ठेचायला हवा होता. धाकट्या सरकारांना धर्मरक्षक म्हणून मिरवायचं होतं. आणि आमची प्रजासभा? आमचे अध्यक्ष वकील. ते मला शांतपणे म्हणाले, "जाऊ दे त्याला आत. हाकललेला नालबंद हाती असला तर पुढच्या सभेला मैदान पुरायचं नाही." तटाच्या आत आणि बाहेर माणसं सारखीच असतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी कळायला हवं होतं, पण पत्रकं लिहिण्यात वेळ गेला.

मी तडक गढीवर गेलो. खांदेमळणी चालली होती, बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लागत होतं, त्या गडबडीत मला कोणी अडवलं नाही. मागच्या अंगणात अक्कासाहेब उभ्या होत्या. पडद्याशिवाय मी त्यांना प्रथमच पाहिलं. आवाजावरून मी उंच बाई कल्पिली होती. त्या ठेंगण्या होत्या, कपाळावर देवीचे वण, आणि डोळे रडून सुजलेले.

"कासमने मारला नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग काकांनी?"

"काकांना लवकर उठवत नाही." त्या थांबल्या. "बाळने. हौदाच्या वाटेवर चिखलात खिळे रोवून ठेवले, टोकं वर करून. बैलाला हात लावायची तर छाती नाही. त्याला वाटलं, मानाचा बैल लंगडला की पोळाच होणार नाही. काका आपला बैल पुढे काढतील, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. बैल लंगडत आल्यावर माझ्या कुशीत शिरून सांगितलंन्."

"पंतांना ठाऊक आहे?"

"पंतांनीच दुसरा म्हातारा बैल शोधून ठेवलाय बाळसाठी. मला म्हणाले, मौन हा राजधर्म आहे."

"मग चला! वेशीत उभं राहून खरं सांगा," मी ओरडलोच. "गादी जाईल ना? जाऊ दे! एका निरपराध माणसाच्या..."

"मास्तर, खरं सांगितलं तर त्या काठ्या चावडीवरून उठून गढीवर येतील. पोर तेरा वर्षांचं आहे. आणि गादी काकांकडे. काका वेठ दुप्पट करतील, कारण वेठीची माणसं मोजायचा त्यांना कंटाळा येतो. तुमच्या पत्रकात एका माणसाला वाचवायची जागा असते का हो कुठं? का सगळी जागा खऱ्यालाच लागते?"

त्यांनी मला एक अट घातली: बाळराजे आपल्या तोंडाने चारचौघांत बोलायला लागेपर्यंत हे मी कोणाला सांगायचं नाही. हल्ली बाळराजे चारचौघांत बोलतात. भरपूर बोलतात. म्हणून लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी वेशीत मुंगीला वाट नव्हती. तोरणाखाली कासमभाई, हात बांधलेले, तरी मान ताठ. एका बाजूला धाकटे सरकार आपला बैल घेऊन तयार. सोन्याची शेंबी घातलेली शिंगं, आणि बैलापेक्षा मालक जास्त सजलेला. दुसऱ्या बाजूला म्हातारा बैल आणि त्याच्यापासून हातभर लांब, पांढराफटक बाळराजे. नारोपंतांनी आरोप वाचायला घेतला. 'सबब' दोनदा येऊन गेलं होतं.

तेवढ्यात गर्दी फाकली. गढीची लेक पायी, उघड्या चेहऱ्याने चालत येत होती. चालत येणाऱ्या बाईसाठी ललकारीच नव्हती. चोपदाराने तोंड उघडलं आणि नुसताच खोकला.

"पंत, पुरे," अक्कासाहेब म्हणाल्या. "खिळे मी पेरले."

"अक्कासाहेबांना उन्हाचा त्रास..."

"आभाळ आलंय, पंत."

धाकटे सरकार पुढे सरसावले. "तू? कशासाठी?"

"बैल हा एवढा. बाळ तेवढासा. फरफटत नेईल, ही भीती वाटली. म्हटलं बैल बसला की पोळा टळेल. काका, बायकांना अक्कल नसते, हे आपणच रोज सांगता. मग आता नवल का करता?"

मागून कोणीतरी हसलं. मग बायका हसल्या, मग चावडीवरची काठीवाली पोरंसुद्धा. हसणाऱ्या माणसाला काठी उचलता येत नाही. एक म्हातारा ओरडला, "सोडा रं कासमला! पोरीनं कबूल केलंया न्हवं?" धाकट्या सरकारांना वाद घालता येईना, नाही तर बायकांना अक्कल असते, असं त्यांना भर वेशीत म्हणावं लागलं असतं.

कासमभाईचे हात सुटले. बाळराजे बहिणीकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. मी डोळ्यांनी पाहिलं, त्याला बोलायचं होतं. एक शब्द बोलला असता तर...

"बाळ," ती म्हणाली, "कासरा धर."

त्याने धरला. म्हातारा बैल आपणहून तोरणाखालून गेला, पोरगा त्याच्यामागे ओढला गेला. ढोल वाजले. गादी त्याची झाली.

रिवाजाप्रमाणे अक्कासाहेबांचं गढीचं अन्न तुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा लावलेली दमणी निघाली, त्यांच्या मामांकडे, पार डोंगरात राजूरला. वेशीत कासमभाई पेटी घेऊन आडवा बसलेला. त्याने गाडी थांबवली, बैलांचे खूर बघितले आणि नवी पत्री मारायला घेतली.

"कासमभाई, राहू दे," त्या आतून म्हणाल्या. "वेठ आहे ही."

"येठ न्हाई," तो खिळा ओठांत धरून म्हणाला. "ही माझी मर्जी. पर येक सांगतो अक्कासाब, तुमी लई वाईट केलं. माझं नाक घासायचं राह्यलं, आता म्या बोंबलू कशापायी?"

पडद्याआड हसू आलं. हसू की दुसरं काही, ते दिसलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जहागिरी गेल्या. पिंपळधऱ्याची वेठ कायद्याने गेली, बाळराजांनी त्यासाठी काडी हलवली नाही. पण आमच्या वकीलसाहेबांना एका राजाची गरज होती. रयतेसाठी गादी सोडणारा, कोवळा, देखणा. त्यांनी बाळराजांना खादी घातली आणि जिल्हाभर फिरवायला सुरुवात केली. परवा ते त्यांना राजूरला घेऊन गेले. बाजाराचा दिवस होता. मोटार बायकांच्या बाजूला उभी होती, तिच्यात मी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून होतो.

व्यासपीठावर बाळराजे छान बोलले. भाषण पाठ होतं. मध्यावर हात छातीवर ठेवून म्हणाले, "माझ्या वडील बहिणीच्या हातून अज्ञानापोटी मुक्या जनावराला इजा झाली. रिवाज कठोर होता. पण मी माझ्या मनात तिला तेव्हाच क्षमा केली. हीच माझ्या त्यागाची सुरुवात."

टाळ्या. वकीलसाहेबांच्या सगळ्यांत मोठ्या.

मी उठलोच होतो. बायकांच्या बाजूला जाडंभरडं लुगडं नेसलेल्या अक्कासाहेब बसल्या होत्या. मामांच्या घरी राहून पोरींना शिकवतात, हे मला ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी खाली बसलो.

शेजारच्या भिमाबाईने त्यांना कोपराने ढोसलं. "वं आक्का, ह्यो तुमचाच भाऊ ना? खरंच खिळं तुमी पेरल्तं व्हय?"

"व्हय," अक्कासाहेब म्हणाल्या.

सभा संपली. बाळराजे मोटारीकडे निघाले तेव्हा त्या वाटेत उभ्या होत्या. तो वाकला, पायाला हात लावला. त्यांनी त्याची टोपी सरळ केली.

"घरी चल जेवायला. भाकरी टाकून आले आहे. एवढंच, की तिथं ओट्यावर बसून ही गोष्ट सांगायची नाही. तिथं पोरी बसतात. सांगायचीच तर झाली तशी सांगायची."

तो बहिणीकडे बघत राहिला. सोळा वर्षांचा पोरगा, मिसरूड फुटलेलं, आणि ओठ अगदी वेशीतल्यासारखे हलले. मागून वकीलसाहेबांनी हाक मारली, "राजे! अकोले तालुक्याची सभा खोळंबली आहे. जेवण तिथंच!"

"अक्का, उशीर होतोय गं," बाळराजे म्हणाले, आणि मोटारीत चढले.

मी मागच्या काचेतून पाहत होतो. धुरळ्यात त्या क्षणभर दिसेनाशा झाल्या. मग धुरळा बसला. त्यांनी पदराने तोंड पुसलं, वळल्या, आणि गर्दीतून भिमाबाईला हाक मारली. मोटार अजून हळू होती, म्हणून ऐकू आली.

"भिमे, तू चल गं जेवायला. दोघांचं केलंय."